ऑर्फाआत्याच्या दोन अधेल्या

मंगळवार होता, आणि मंगळवारी होबार्ट कॉडिल बँकेत जायचा. पैसे काढायला नाही, ठेवायलाही नाही. नाण्यांच्या गुंडाळ्या आणायला. आमच्या लॉरेल घळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्याच्यावर हसून घेत. पस्तीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवला, पाठीची पार वाट लागली, आता सुखानं घरी बसावं, तर ह्या बाबाला हा भलताच नाद. बँकेतून अर्ध्या डॉलरच्या नाण्यांच्या गुंडाळ्या घ्यायच्या, घरी नेऊन फोडायच्या आणि एकेक अधेली कडेनं निरखायची. कडेला तांब्याची लाल रेघ दिसली तर नाणं साधं. रेघ नसेल, कड सगळी पांढरी असेल, तर चांदी. जुन्या अधेल्यांत खरी चांदी असते हे लोक विसरून गेलेत, आणि त्यांच्या विसराळूपणावरच ह्या नादाचं पोट भरतं.

नाद असला तरी त्याला शिस्त होती बरं का. ज्या बँकेतून गुंडाळ्या घ्यायच्या, तिथे शोधून झालेली नाणी परत द्यायची नाहीत. ती दूरच्या दुसऱ्या बँकेत नेऊन टाकायची. नाहीतर आपलीच टाकलेली नाणी फिरून आपल्याच गळ्यात पडतात. आणि टाकण्याआधी प्रत्येक साध्या अधेलीवर, नाण्यावरच्या चेहऱ्याच्या मानेखाली, लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यायचा. पुन्हा हातात आलीच तर कळतं की ही बघून झालेली आहे. नेलपॉलिश बायकोचं, व्हर्लीनचं. ती म्हणायची, चाळीस वर्षांत मला एक बाटली आणून दिली नाहीस, आणि माझी मात्र संपवतोस.

त्या मंगळवारी काउंटरवरच्या जॅनेटानं त्याच्यासाठी एकच गुंडाळी बाजूला ठेवली होती. मशीनची नव्हती. पिठाच्या पिशवीच्या तपकिरी कागदात हातानं वळलेली, दोन्ही टोकं दुमडून शिवणाच्या दोऱ्यानं बांधलेली. ती बघूनच होबार्ट काउंटरवर वाकला. हातानं वळलेल्या गुंडाळीत कोणाच्या तरी घरचा डबा असतो, आणि घरच्या डब्यात काय असेल ते सांगता येत नाही. जॅनेटानं सांगितलं की ऑर्फाआत्याचा नातू ओहायोहून आला होता. आत्याला जाऊन तीन आठवडे झाले, त्यानं घर रिकामं केलं आणि स्वयंपाकाच्या चरबीच्या रिकाम्या डब्यात सापडलेली नाणी भरून गेला.

ऑर्फाआत्या म्हणजे घळीतल्या मयतांची बाई. शहरातून अंत्यविधीवाल्यांची गाडी आमच्या रस्त्यानं वर यायची तर अर्धा दिवस लागतो, बर्फात त्याहून जास्त. तोवर मयताचं तोंड पुसायचं, हनुवटी बांधायची, डोळे मिटवायचे, हे सगळं आत्या करायची. त्या खोलीत पुरुषांना मज्जाव होता. ते बाहेर पोर्चवर तंबाखू चघळत बसायचे. होबार्टही असाच कित्येकदा बसला होता. आत्या कामाचे पैसे घ्यायची नाही, पण घरचे तिच्या हातावर एक अधेली ठेवायचेच. त्याच ह्या, होबार्टनं मनाशी म्हटलं, आणि दहा डॉलर देऊन गुंडाळी खिशात टाकली.

घरी चुलीवर घेवडा शिजत होता. व्हर्लीन आरामखुर्चीत बसून चर्चच्या विक्रीसाठी गोधडी शिवत होती. तिचे डोळे दुखत होते, ती सारखी चोळत होती. होबार्टनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल पसरला, दोरा तोडला, कागद उलगडला. पांढरी कड. पांढरी. पांढरी. तो एकेक नाणं टॉवेलवर ठेवत गेला आणि त्याचा आवाज चढत गेला. विसातल्या अठरा अधेल्या चांदीच्या निघाल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तो लहान मुलासारखा खिदळत होता, आणि व्हर्लीन त्याला म्हणत होती की आता तरी मला चष्मा आण.

राहिलेल्या दोन गुंडाळीच्या अगदी मधोमध होत्या, एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून. दोन्ही १९७१ च्या. कडेला तांब्याची रेघ. दोघींची एक बाजू नवी कोरी होती आणि दुसरी, चेहऱ्याच्या मागची, पार गुळगुळीत, चाटून घेतल्यासारखी. होबार्टनं त्या बाजूला सारल्या. कवडीच्याही कामाच्या नव्हत्या. तरी सवयीनं त्यानं दोघींच्या मानेखाली ठिपके दिले, आणि ठिपके देताना त्याच्या लक्षात आलं की चुलीजवळ ठेवूनही त्या बर्फातून काढल्यासारख्या गार होत्या.

व्हर्लीननं त्या मागून घेतल्या. ती पलीकडच्या जिल्ह्यातली, तिच्या माहेरी हे सगळं घरच्या बायकाच करायच्या. ती म्हणाली की माझी आजी गेली तेव्हा तिच्या डोळ्यांवर अशाच ठेवल्या होत्या, पापण्या उघडू नयेत म्हणून. मग तिला चेष्टा सुचली. ती खुर्चीत मागे रेलली, डोळे मिटले आणि एकेक अधेली गुळगुळीत बाजूनं पापण्यांवर ठेवली.

"बघ, अशी दिसेन मी," ती म्हणाली. "आता रड बघू थोडं. जमतंय का बघू या."

होबार्ट हसला. तिला म्हणाला की तुझ्या आधी मीच जातो, तू रडायची तयारी कर. व्हर्लीन म्हणाली, "छान गार वाटतंय रे. डोळ्यांना बरं वाटतंय." तो कोळसा आणायला मागच्या शेडमध्ये गेला. तिथे बादली भरेपर्यंत, पाठ सरळ करेपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली असतील. परत आला तेव्हा घरात घेवडा करपल्याचा वास भरला होता. व्हर्लीन तशीच होती. हात मांडीवर, मान मागे, डोळ्यांवर दोन नाणी. चाळीस वर्षांत तिच्या हातून कधी काही करपलं नव्हतं.

त्यानं हाक मारली. त्यानं पुन्हा हाक मारली, तेव्हा तिचे ओठ हलले.

"हात उचलत नाहीयेत... होबार्ट."

तो घाबरला आणि घाबरल्यामुळे चिडला. नाटकं पुरे म्हणाला आणि खुर्चीची पाठ धरून गदागदा हलवली. नाणी घसरून तिच्या मांडीत पडली. व्हर्लीननं डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं, आणि झोप लागली होती बहुतेक, असं म्हणून ती करपलेलं पातेलं उतरवायला उठली. दोघं ते विसरून गेले. निदान तसं दाखवलं.

गुरुवारी होबार्टनं आधीच्या साठलेल्या साध्या अधेल्या चाळीस मैलांवरच्या बँकेत नेऊन टाकल्या, त्या दोन्हीसकट. शनिवारी व्हर्लीन म्हणाली की पापण्या जड झाल्यात. रविवारी चर्चमध्ये ती सगळा वेळ डोळे मिटून बसली. लोकांना वाटलं फार भक्तिभावानं बसली आहे. घरी येताना गाडीत तिनं सांगितलं की मिटले नव्हते, उघडत नव्हते. वरून कोणी तरी हळूच दाबून धरल्यासारखं वाटतं, आणि गार लागतं.

पुढच्या मंगळवारी तो तिसऱ्याच गावच्या बँकेतून गुंडाळ्या घेऊन आला. ह्या मशीनच्या होत्या, घट्ट प्लॅस्टिकमधल्या. तिसरी गुंडाळी फोडली आणि टॉवेलवर दोन लाल ठिपके उमटले. १९७१. १९७१. शेजारी शेजारी. होबार्टला गंमत वाटली. एवढ्या मोठ्या देशात एवढी नाणी फिरतात, आणि ह्या दोघी हातात हात घालून घरी आल्या. तो व्हर्लीनला सांगायला लागला, पण ती कॉटवर आडवी होती आणि तिला काही ऐकायचं नव्हतं. एका अधेलीच्या गुळगुळीत बाजूला काही तरी चिकटलं होतं. त्यानं नखानं काढलं. पापणीचा केस होता, आखूड, पांढरट. त्याला थोडी किळस आली. त्यानं हात धुतले, आणि नियम तो नियम, गुरुवारी त्या दोघींना आणखी एका बँकेत टाकून आला. ह्यावेळी साठ मैलांवर.

हीच त्याची चूक. दुसऱ्या कोणीही ती जोडी नवल म्हणून कपाटात ठेवली असती. पण ह्या नादातल्या माणसाला चांदी नसलेलं नाणं घरात दोन दिवस ठेवणं म्हणजे पाप वाटतं.

शुक्रवारी सकाळी व्हर्लीनचे डोळे उघडलेच नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोटानं तिची पापणी वर उचलली. खाली डोळा चांगला होता, निळा, ओला, होबार्टकडे बघणारा. बोट काढलं की पापणी खाली यायची, आणि नुसती यायची नाही, दबायची. डॉक्टरांनी हे तीन-चारदा केलं आणि मग ते करायचं थांबले. तपासण्या केल्या, सगळ्या ठीक आल्या. हे दोघं निघताना त्यांनी विचारलं की ह्यांच्या पापण्यांचे केस कधीपासून गळतायत. होबार्टनं वाकून बघितलं. दोन्ही पापण्यांवर मधोमध केसच नव्हते. आणि उजव्या पापणीवर, नीट बघितलं तर, एक फिकट गोल वळ होता. डाव्या पापणीवरही तसाच.

घरी आल्यावर त्यानं तिला कॉटवर झोपवलं आणि ड्रॉवरमधून चांदीची एक अधेली काढली. ती त्यानं वळाच्या वर, पापणीला न लावता धरली. कड कडेला बरोबर जुळली. होबार्टला त्या क्षणी जी भीती वाटली ती त्यानं पुढे मला सांगितली. म्हणाला, अधेली परत ड्रॉवरमध्ये ठेवायचंही सुचलं नाही. त्याला ती खुर्ची आठवली, तो करपलेला वास आठवला, आणि तो तसाच, कोट न घालता, ऑर्फाआत्याच्या बहिणीकडे गेला.

झेलाआत्या घळीच्या टोकाला ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहते. नव्वदीची आहे, पण डोकं शाबूत. तिनं सगळं ऐकून घेतलं. अठरा चांदीच्या नाण्यांचं सांगितलं तेव्हा तिला काही वाटलं नाही. त्या ऑर्फाला हातावर मिळालेल्या, म्हणाली. १९७१ च्या जोडीचं सांगितलं तेव्हा तिनं हातातला चहाचा पेला खाली ठेवला. ती जोडी खर्चायची नव्हती. पन्नास वर्षं घळीतल्या प्रत्येक मयताच्या डोळ्यांवर तीच जोडी ठेवली होती, आणि प्रत्येक वेळी ऑर्फानं स्वतःच्या हातानं उचलली होती. नातवाला काय माहीत, त्यानं सगळं एकात गुंडाळलं.

"तुझ्या बायकोच्या डोळ्यांवरून कोणी उचलली?" झेलाआत्यानं विचारलं.

कोणीच नाही, होबार्ट म्हणाला. घसरून पडली.

"मग पडली नाही," ती म्हणाली. "अजून तिथेच आहे. नाव घेऊन उचलेपर्यंत ती तिथेच राहते, नाणं कुठे का असेना. तू साठ मैलांवर टाकून ये, नाहीतर समुद्रात बुडव."

होबार्ट रडायला लागला. झेलाआत्यानं त्याला रडू दिलं. मग कसं करायचं ते सांगितलं. तीच जोडी पुन्हा डोळ्यांवर ठेवायची. नाव घ्यायचं. म्हणायचं, माझं मला दे, तुझं तुला घे. आणि आधी उजवी, मग डावी, बोटांनी उचलायची. जो कोणी उचलेल त्याची ती जोडी होते, आणि तिचं कामही, हेही ती म्हणाली, आणि पुढे म्हणाली की ऑर्फा गेल्यापासून घळीत तीन माणसं गेलीत आणि तिघांच्याही डोळ्यांवर कोणी काही ठेवलं नाही.

"अंत्यविधीवाले पापण्यांना डिंक लावतात," ती म्हणाली. "डिंक काय... दोन दिवस टिकतो."

पण हे होबार्टच्या कानात शिरलंच नाही. तो दारापर्यंत पोचला होता.

ज्या बँकेत टाकली होती तिथे तो दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी जाऊन उभा राहिला. नाणी आदल्या संध्याकाळीच गाडीतून गेली होती. कुठे, ते त्यांना सांगता येत नव्हतं. मग सुरू झालं ते खरं शोधणं. आजवर तो चांदी शोधायचा. आता चांदी सोडून जगातली दोन सगळ्यात निरुपयोगी नाणी शोधायला लागला. बचतीतले पैसे काढून त्यानं पाच गावांतून पेट्याच्या पेट्या आणल्या. जमिनीवर कागदांचा आणि प्लॅस्टिकचा खच पडला. कड बघणं सोडलं होतं, फक्त मान बघायची, मानेखालचा लाल ठिपका. त्या तीन दिवसांत त्याला जन्मात मिळाली नव्हती इतकी चांदी हाताला लागली आणि ती त्यानं कोळशाच्या बादलीत लोटून दिली. ठिपक्यांची नाणीही मिळाली, त्याचीच, पंधरा-वीस. १९७४. १९७६. १९८३. प्रत्येक ठिपका दिसला की त्याचा जीव वर यायचा आणि साल वाचलं की खाली बसायचा.

व्हर्लीन बाजूच्या कॉटवर होती. ती खात नव्हती. अंगावर तिच्याच गोधड्या होत्या, तीन, तरी हात गार होते. तिचे श्वास लांब होत चालले होते. एक श्वास झाला की दुसरा येईपर्यंत होबार्ट नाणी बघायचं थांबवून कान देऊन बसायचा.

रविवारी दुपारी, बाहेर लख्ख उजेड असताना, ती बोलली.

"बाहेर कोण उभं आहे रे?"

त्यानं खिडकीतून बघितलं. अंगण, पिकअप, बर्फ. कोणी नव्हतं. तसं सांगितलं.

"आहेत," ती म्हणाली. "बर्फात पाय घासतायत... किती वेळचे. त्यांना आत बोलाव नाहीतर जा म्हण."

तिला दिसत नव्हतं म्हणून ऐकू जास्त येत असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण तेव्हापासून त्यालाही वास यायला लागला. ओल्या लोकरीचा, जुन्या सुटाचा, आणि त्याच्या खाली काही तरी गोडसर, शाळेत कागद चिकटवायला असायचा तसा डिंक. दारं-खिडक्या बंद होत्या. त्यानं चुलीत कोळसा वाढवला तर वास जास्त यायला लागला.

मंगळवार उजाडला. पाच गावं संपली होती. राहिली होती फक्त आपल्या गावची बँक, जिथे त्यानं आयुष्यात एकही नाणं परत टाकलं नव्हतं. म्हणून तर तिथे जायचं त्याच्या मनात आलं नव्हतं. व्हर्लीनचा श्वास सकाळपासून असा होता की तिला एकटी सोडून जाववेना; पण गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला, तासाभरात येतो म्हणाला, आणि गेला.

जॅनेटा त्याला बघून दचकली. होबार्टकाका, तुम्ही आजारी आहात का, तिनं विचारलं. त्यानं अधेल्या मागितल्या. तिनं ड्रॉवर उघडला आणि एक गुंडाळी काढून काउंटरवर ठेवली. तपकिरी कागद, दुमडलेली टोकं, शिवणाचा दोरा.

"ही कोणी दिली?"

"तेच मला कळत नाहीये," जॅनेटा म्हणाली. "काल संध्याकाळी ड्रॉवर मोजून बंद केला, तेव्हा नव्हती. सकाळी उघडला तर आहे. मी तुमच्यासाठीच ठेवली बघा."

त्यानं दहाची नोट टाकली आणि गुंडाळी घेऊन निघाला. गाडीतच दातांनी दोरा तोडला. अठरा साधी नाणी मांडीवर सांडली, सीटखाली गेली. मधोमध दोघी होत्या. तोंडाला तोंड लावून. लाल ठिपके. १९७१. त्यानं त्या मुठीत घेतल्या, आणि स्टिअरिंगवरही मूठ सोडली नाही. घरी पोचेपर्यंत त्या हाताची बोटं बधिर झाली होती.

दुपारचे साडेतीन वाजले होते. बर्फ पडायला लागलं होतं. आमच्या घळीत हिवाळ्यात सूर्य डोंगराआड लवकर जातो, पण उजेड अजून चांगला होता, पांढरा, सावली न पडणारा. व्हर्लीन त्यानं ठेवली होती तशीच होती. तो कॉटपाशी गुडघ्यांवर बसला. श्वासाची वाट बघितली. बराच वेळ आला नाही. त्याला आणखी थांबायचा धीर झाला नाही. नाणी गुळगुळीत बाजूनं तिच्या पापण्यांवर ठेवली. दोन्ही वळांत बरोबर बसली, जागा राखून ठेवल्यासारखी.

"व्हर्लीन कॉडिल," तो म्हणाला. "माझं मला दे. तुझं तुला घे."

उजवी उचलली. ती सहज येईना. नाण्याबरोबर पापणीही वर ओढली गेली आणि मग सुटली. डावी उचलली. तीही तशीच आली. त्यानं दोन्ही कोटाच्या खिशात टाकल्या आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

व्हर्लीनचे डोळे उघडे होते.

ती छताकडे बघत होती. मग तिची नजर सावकाश खाली आली, खिडकीवरून, चुलीवरून, जमिनीवरच्या कागदांवरून, आणि त्याच्यावर थांबली.

"काय ही दशा करून घेतलीस, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "दाढी तरी करायचीस."

होबार्टनं तिच्या पोटावर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडला. लग्नात नाही, मुलीच्या जन्माला नाही, बापाच्या मरणाला नाही, असा तो त्या दुपारी रडला. आनंदानं रडला. तिनं त्याच्या केसांत हात घातला. हात अजून गार होता, पण हलत होता. तो तिला सांगत होता की चष्मा आणू, उद्याच आणू, दोन आणू. बादलीतली सगळी चांदी विकून टाकू आणि पुन्हा त्या नादाचं नाव घेणार नाही. ती त्याच्याकडे बघत होती. बघतच होती.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. जोरात नाही. पाहुण्यानं घरात आजारी माणूस आहे हे ओळखून करावी तशी.

झेलाआत्या असेल, होबार्टला वाटलं. तो डोळे पुसत उठला, दार उघडलं. वास आधी आत आला, ओल्या लोकरीचा आणि डिंकाचा. पोर्चवर ड्यूई रिची उभा होता. अंगात रविवारचा काळा सूट, टाय, पायात काही नाही. होबार्टचा शिकारीचा दोस्त ड्यूई. दहा दिवसांपूर्वी त्याच्या शवपेटीची एक कडी होबार्टनं स्वतः धरली होती.

ड्यूईच्या मागे पायरीवर रिचींची थोरली सून होती, आणि तिच्या मागे अंगणात एक म्हातारा, ज्याचं नाव होबार्टला त्या क्षणी आठवेना. तिघं एकामागे एक, सरळ ओळीत, डॉक्टरांच्या दारात उभे राहावेत तसे. बर्फात त्यांच्या पायांचे घासल्याचे ठसे होते, खूप, एकाच जागी. तिघांचे डोळे सताड उघडे होते. बर्फ पडत होतं, त्यांच्या भुवयांवर, गालांवर, आणि उघड्या डोळ्यांच्या बुबुळांवर. तिथे ते साचत होतं. कोणी पापणी लववत नव्हतं.

"होबार्ट," ड्यूई म्हणाला, हळू, कोणाला त्रास होऊ नये असं. "मिटवून दे ना रे... थकलो."

आणि त्यानं चेहरा पुढे केला.

होबार्टचा हात खिशात गेला. तो म्हणतो, मी घातला नाही, गेला. बोटांना दोन्ही नाणी लागली. त्याला ओरडायचं होतं, दार लावायचं होतं, पण मागे व्हर्लीन होती, आताच उठलेली, अशक्त, आणि तिनं हे बघितलं तर तिचं काय होईल एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं आपल्या अंगानं दाराची फट झाकली आणि मान न वळवता बोलला.

"व्हर्लीन, इकडे बघू नकोस. डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडू नकोस."

आत कॉट करकरली. ती उठून बसली असावी.

"व्हर्लीन, ऐक माझं. मीट डोळे."

कॉट पुन्हा करकरली. मग ती बोलली, आणि तिच्या आवाजात भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं.

"होबार्ट... मिटत नाहीयेत."

तो वळला. ती कॉटवर बसली होती, हात मांडीवर, त्याच्याकडे तोंड करून. उघड्या दारातून वाऱ्याबरोबर थोडं बर्फ आत आलं, चुलीवरून गेलं, आणि एक कण तिच्या उजव्या डोळ्यावर जाऊन बसला. होबार्ट तो विरघळायची वाट बघत उभा राहिला.